विदर्भातल्या तट्टांची मोजदाद करा : पशुवैद्यकातल्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातले पशुवैद्यक, पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी, पशुसंवर्धन खात्यातले अधिकारी-कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

भीमा नदीकाठच्या ठेंगण्या भीमथडी घोड्याची देशाच्या यादीत स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवले. मीही पाठवले. काठेवाडी, मारवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्करी या सात जाती त्याआधी यादीत होत्या. महाराष्ट्राच्या नावावर एकही नव्हती. ज्या मुलखानं अटकेपर्यंत घोडी दौडवली त्या मुलखाचा घोडा कागदावर नसावा, ही मोठी गंमतच होती. ती मिटली, आनंद आहे. आपल्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे आणि ते लिहिणारे राजा बढे नागपूरचे, हे सांगायची संधीही त्या दिवसांत नागपूरकरांनी सोडली नाही.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसेल तरी मुद्दा पोचेल. विदर्भात मेंढपाळांच्या बिऱ्हाडांबरोबर, काही तांड्यांवर आणि डोंगराकडच्या काही गावांत अजून ठेंगणी देशी तट्टं आहेत. त्यांची मोजमापं घ्या, नमुने घ्या, ती भीमथडीत बसतात की नाही ते तपासा आणि जे निघेल ते लिहून ठेवा. उंच घोड्यांशी संकर होऊन ती संपायच्या आत हे करा. एवढंच मागणं आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, बहुतेक बुलडाणा आणि वाशीम जिल्ह्यांत. आमच्या कामात घोडा क्वचितच यायचा. गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन, शेळ्या-मेंढ्यांचं लसीकरण, कोंबड्यांची मर यातच दिवस जायचा. घोडं आलं तर ते नवरदेवाची घोडी असायचं, नाहीतर मेंढपाळाचं तट्टू. घोडी टेम्पोतून यायची, मालक सोबत, अंगावर झूल. तट्टू कधी दवाखान्यात यायचंच नाही. आपणच बिऱ्हाडावर जायचं, आणि तेही मेंढ्यांना लस द्यायला म्हणून. लस टोचून झाली की म्हातारा हळूच म्हणायचा, "साहेब, याचाही पाय पाहून द्या ना." म्हणून तट्टांशी ओळख झाली ती आडवाटेनं.

या जनावराचं वर्णन करायचं तर सोबत टेप ठेवायची मला सवय होती, त्यामुळे अंदाजानं बोलत नाही. खांद्याशी उंची एकशेतीस सेंटिमीटरच्या आसपास, घोडी त्याहून थोडी ठेंगणी. मारवाडी घोडा दीडशेच्या वर सहज जातो, म्हणजे फरक डोळ्यांनाही दिसतो. मारवाडी-काठेवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू बघतात, तसा पीळ या तट्टांच्या कानांना नाही. कान लहान आणि सरळ. मान आखूड, पाठ आटोपशीर, पोट थोडं सुटलेलं कारण खाणं सगळं वैरणीचं. रंग बहुतेक कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तपकिरी, किंवा तांबडा, मधूनच एखादा करडा सब्जा, पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख विरळा. खुरं मात्र पाहण्यासारखी. काळी, गच्च, कडा न फुटलेली. मुरमाच्या रस्त्यानं आयुष्य काढलेल्या तट्टांना नाल ठोकलेली मी फार कमी पाहिली. नालबंदच राहिले नाहीत, हे एक कारण. गरज पडत नाही, हे दुसरं.

काम काय करतं ते तर आणखी पाहण्यासारखं. पालाची काठ्या-कनातीसकट वळकटी, पीठ-मीठ, भांडी, पाण्याची पिंपं, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि झोळीत वाटेत जन्मलेली कोकरं. एका दिवसाचं कोकरू कळपाबरोबर चालू शकत नाही. ते तट्टाच्या पाठीवरून पुढच्या मुक्कामाला जातं आणि संध्याकाळी आईला पाजायला उतरवतात. म्हणजे मेंढरांचा कळप रोज हलता ठेवायचा असेल तर तट्टू लागतंच. कळप हलता राहिला तरच आपल्या वावरात मेंढ्या बसतात आणि लेंडीखत मिळतं. सोयाबीन निघालं की कितीतरी शेतकरी मेंढ्यांची वाट पाहत असतात. त्या खताचा हिशेब लावताना तट्टाचं नाव कोणी घेत नाही.

आणि रस्ते! आपल्याकडच्या पांदण रस्त्यांची पावसाळ्यात काय गत होते हे कोणाला सांगायला नको. काळ्या मातीत ट्रॅक्टर बसतो, मोटारसायकल तर ढकलतच न्यावी लागते. त्याच चिखलातून लादलेलं तट्टू पाय उचलत निघून जातं.

खाण्याचं गणित आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितो, कारण हे पत्र इतरही वाचतील. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, वैरण कुजवण्याचं खरं काम मागच्या मोठ्या आतड्यात. त्यामुळे त्याला थोडं-थोडं पण दिवसभर चरायला हवं. एकदम धान्य घातलं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नाही, म्हणून तो पोटशूळ जिवावर येतो. लग्नाच्या हंगामात मोठ्या घोड्यांना तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी भरून दिवसाचे उरलेले तास डीजेसमोर उभं करतात. पोट फुगलेली जनावरं मग रात्री दोनला फोन करून दाखवतात. तट्टू बांधावरचं गवत, कडबा आणि थोड्या कुटारावर वर्ष काढतं. बांधून ठेवलेलं नसतं, चालत-चरत असतं. त्याच्या पोटाची तक्रार मला क्वचितच पाहावी लागली. धनुर्वाताला मात्र घोड्याइतकं हळवं दुसरं जनावर नाही. तारकुंपणाची एक जखम पुरते. त्याची लस मेंढपाळांच्या तट्टांना कोणी टोचत नाही, हेही या निमित्तानं लिहून ठेवतो.

आता इतिहास. भीमथडीची गोष्ट सांगताना बहुतेक लोक भीमा-नीरेच्या काठावरून सुरुवात करतात आणि पुण्यात येऊन थांबतात. थोडं मागे जाऊ या. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला अरबस्तान-इराणातून जहाजांनी घोडे यायचे. 13व्या शतकात मार्को पोलोनं दक्षिणेतल्या या व्यापाराबद्दल लिहिलं, आणि सोबत हेही लिहिलं की इथं आणलेले घोडे फार जगत नाहीत. दमट हवा, परकी वैरण, निगा माहीत नसलेली माणसं. दरवर्षी नवे आणायचे, दरवर्षी मरायचे. अशा मुलखात अरबी-तुर्की रक्त गावठी तट्टांत मिसळून जे शिंगरू जगलं, वाढलं आणि इथल्याच गवतावर दौडलं, त्याला किंमत आली. 17व्या-18व्या शतकांत मराठ्यांनी हे जनावर हाताशी धरलं. दिसायला ठेंगणं, पण चंदीवाचून चार दिवस निघणारं, घाट चढणारं, लांबच्या मजलेला न थकणारं. मुघलांची फौज तोफा, तंबू आणि बाजारबुणगे घेऊन निघायची. मराठा स्वाराचं सगळं सामान खोगिरावर असायचं. घोडा लहान असण्याचा तोटा मराठ्यांना समोरासमोरच्या टक्करीत झाला असेल. पण समोरासमोर टक्कर द्यायचीच नाही, हाच तर त्यांचा डाव होता.

आपल्या विदर्भाचा भाग इथे सुरू होतो आणि नेमका तोच वगळला जातो. रघूजी भोसल्यांच्या आधी कान्होजींचं ठाणं होतं यवतमाळकडच्या भामला. रघूजींनी पुढे नागपुरात गादी बसवली आणि 1742 पासून त्यांच्या फौजा बंगालवर जाऊ लागल्या. भास्करराम कोल्हटकर त्या मोहिमांचे सेनापती. 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं त्यांना बोलणी करायला बोलावून दग्यानं मारलं. मोहिमा तरी थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओरिसा आणि बंगालची 12 लाखांची चौथाई भोसल्यांकडे आली. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी या स्वारांच्या धास्तीनं 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याला 'मराठा डिच' म्हणत. बंगालीत आजही या स्वारांना 'बर्गी' म्हणतात. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. बर्गी हे त्या बारगिराचंच बंगाली रूप.

त्या मोहिमांत भोसल्यांनी केलेली लूट आणि जाळपोळ याचा अभिमान बाळगावा असं मला वाटत नाही. बंगालमधल्या साध्या शेतकऱ्यानं ते भोगलं. पण घोड्यांच्या बाजूनं पाहिलं तर नागपूरहून छत्तीसगड-ओरिसाची जंगलं ओलांडून गंगेच्या मुखापर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही वर्षामागून वर्ष, हे काम उंच अरबी घोड्यांच्या भरवशावर होण्यासारखं नव्हतं. एवढ्या फौजेला घोडी लागली, ती कुठे तरी पैदा होत होती, मेलेल्यांच्या जागी नवी येत होती. यातली सगळी भीमेच्या काठूनच आली, असं धरून चालायचं का? वऱ्हाडात आणि नागपूर प्रांतात पैदास होत नव्हती का? गवळाऊ बैलांबद्दल आपणच वर्गात शिकवता की फौजेच्या जलद वाहतुकीसाठी तो बैल नावाजला. बैलाची दखल घेतली, मग घोड्याची का नाही?

आणखी मागे जायचं असेल तर आपल्या दारातच जावं लागतं. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथे दगडांची मोठाली वर्तुळं आहेत. काटोल रोडनं जाताना जुनापाणीची वर्तुळं कित्येकांनी पाहिली असतील, सहलीला गेलेल्यांनी त्यांवर बसून डबेही खाल्ले असतील. ही लोहयुगातली दफनं. ढोबळमानानं इसवी सनापूर्वी 1000 ते 300 या काळातली. जुनापाणीला 1867 मध्ये रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं पहिल्यांदा खोदलं. पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटापासून पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे नीट उत्खननं केली. या वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले. लगामाच्या लोखंडी कड्या सापडल्या. माहुरझरीला घोड्याच्या कवटीसोबत तांब्याच्या पत्र्याचे चेहऱ्यावरचे दागिने मिळाले, चामड्यावर शिवून घोड्याच्या कपाळा-नाकावर बसवायचे.

म्हणजे पुण्या-साताऱ्यात कोणी पागा बांधायच्या दोन हजार वर्षं आधी इथला माणूस घोड्याला सजवत होता, लगाम घालत होता आणि आपल्या मेलेल्या माणसाशेजारी त्याला पुरत होता. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीही सापडली, तेव्हा लगामाची कडी बाहेरून आणण्याचीही गरज नव्हती. माहुरझरीच्या घोड्याचा वंश सरळ आजच्या तट्टापर्यंत आला, असं मी म्हणत नाही. मधल्या अडीच हजार वर्षांत कितीतरी रक्त मिसळलं असेल. जगातल्या आजच्या सगळ्या पाळीव घोड्यांचं मूळ व्होल्गा-डॉन नद्यांकडच्या गवताळ मैदानात, सुमारे 4200 वर्षांपूर्वी, असं 2021 च्या जनुकीय अभ्यासात निघालं आहे. तेव्हा घोडा इथलाच, असला दावा कोणी करू नये. समाजमाध्यमांवर असले दावे रोज पाहतो. शिवरायांच्या पागेतली थेट पिढी म्हणून चार वर्षांच्या मारवाडी वळूचे फोटो टाकतात आणि खाली हजार लोक हात जोडतात. माझं म्हणणं इतकंच की विदर्भाला घोड्याचा इतिहास नाही, हे गृहीत धरू नका.

तट्टांची उतरण कशी झाली ते थोडक्यात. 1803 च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातल्या आडगावला भोसले-शिंद्यांचा पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला. 1817 ला सीताबर्डी. फौज संपली तशी घोड्यांची मागणी संपली. इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तट्टू उरलं ते टांग्याला, पाटलाच्या दाराशी, गावोगाव फिरणाऱ्या वैद्याच्या बुडाखाली. पुढे एसटी आली, फटफटी आली. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख निघाली. 2012 च्या मानानं ही 45 टक्क्यांहून मोठी घट.

आता राहिलेल्यांवर जे चाललंय ते मात्र डोळ्यांदेखत आहे. वरातीला उंच, पांढरा, नाचणारा घोडा लागतो. नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा शुभ्र घोडा, असेल तर विचारूच नका. अशा घोड्यांचे वळू गावोगाव फिरतात आणि मेंढपाळही आपली घोडी त्यांना दाखवतो. त्याला दोष देता येत नाही. तट्टाच्या शिंगराला कोणी विचारत नाही, वळूकडून झालेलं शिंगरू उंच निघालं तर वरातवाला हातोहात नेतो. घोडीचा गाभणकाळ 11 महिन्यांचा, म्हणजे वर्षा-दीड वर्षाला एक शिंगरू, आणि तेही संकरित. दोन पिढ्यांत अस्सल तट्टू शोधावं लागेल. शिवाय ही उंच शिंगरं लग्नासाठी ठीक, पण मेंढरांमागे चालायला कुचकामी. उन्हात दमतात, खुरं फुटतात, चंदी मागतात. एका मेंढपाळानं मला विचारलं होतं, "तट्टूच रायलं नाही त बिऱ्हाड कोनाच्या पाठीवर टाकू, माह्या?"

त्यात भोवऱ्यांचं खूळ आहेच. केसांचा भोवरा नको त्या जागी असला की उत्तम तट्टूही कवडीमोल. निरोगी, कामाची घोडी केवळ भोवऱ्यापायी खाटकाच्या भावात गेलेली मी पाहिली आहे. आपण पशुवैद्यक यावर एक शब्द बोलत नाही. बोला.

तेव्हा करायचं काय? जातीची नोंद कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. पैदास क्षेत्र, संख्या, शरीराची मोजमापं, रंग, उपयोग, पैदाशीची पद्धत, हे सगळं मांडून प्रस्ताव कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जातो. पूर्णाथडी म्हैस आणि कठाणी गाय या आपल्या भागातल्या जाती याच वाटेनं यादीत आल्या, कोणीतरी उन्हातान्हात टेप घेऊन फिरलं म्हणून. तट्टांसाठी मी लगेच नव्या जातीची मागणी करत नाही. ती भीमथडीच निघाली तर भीमथडीचं क्षेत्र विदर्भापर्यंत वाढवा. निराळी निघाली तर निराळी म्हणा. खिचडी निघाली तर तसंही लिहा, मला राग नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी शोधनिबंधासाठी विषय लागतात. त्यांतला एक या तट्टांना द्या. उंची, छातीचा घेर, अंगाची लांबी, पायाच्या नळीचा घेर. रक्त काढू देणार नाहीत अशी भीती असेल तर शेपटीचे मुळासकट उपटलेले केस पुरतात, जनुकीय तपासणीला मूळ हवं. आणि माहुरझरीच्या हाडांची मोजमापं पुरातत्त्ववाल्यांकडे आहेत, त्यांच्याशी एकदा बसा. नागपुरातल्या नागपुरात जमणारं काम आहे.

मणिपूरचं उदाहरण समोर आहे. त्यांचं तट्टूही असंच ठेंगणं. पण आजच्या पोलोचा खेळ तिथून जगभर गेला म्हणून त्यांनी त्याला जपलं, आणि 2016 मध्ये राज्यानं त्याच्या संवर्धनाचं धोरणच केलं. आपल्याकडे पोलो नाही, मेंढरं आहेत. मेंढरामागचं तट्टू जपायचं तर मेंढपाळाला ते ठेवणं परवडलं पाहिजे. मोफत धनुर्वात लस, एखादा चांगला ठेंगणा वळू तालुक्याच्या ठिकाणी, सर्रा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगांची तपासणी बिऱ्हाडावर. यात कोट्यवधी रुपये कुठेच नाहीत.

21वी पशुगणना 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि भटक्या पशुपालकांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद तिच्यात घेतली. चांगली गोष्ट आहे. पण मोजणारा घोड्यासमोर उभा राहतो तेव्हा जातीच्या रकान्यात काय लिहायचं हे त्याला कोणी शिकवलेलं असतं का? 'वर्णनात नसलेली' असं लिहून पुढे जाणं सोपं असतं. विदर्भातल्या तट्टांचा पुढचा आकडा जेव्हा निघेल तेव्हा त्या आकड्यात तट्टं किती आणि वरातीचे घोडे किती हे कळणार नसेल, तर ते वरातीमागून घोडं होईल.

आपल्यापैकी कोणाला हे काम हाती घ्यायचं असेल तर मेहकर-लोणार-रिसोड भागातली बिऱ्हाडं कोणत्या शिवारात कधी उतरतात हे मला माहीत आहे, आणि पुढे कोणाला विचारायचं तेही. दिवाळीनंतर या. सकाळी लवकर या, ऊन चढलं की बिऱ्हाड पुढे निघतं. टेप, कागद आणि केसांसाठी पाकिटं आणा. थोडा गूळही आणा, तट्टांसाठी. मेंढपाळांना आधी मेंढ्यांची लस द्या, मग तट्टांचं विचारा. काम लवकर होईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. मेहकर, जि. बुलडाणा